खुब्यात कोणता स्टेम बसवला, ते आम्हाला लिहून द्या
कोल्हापुरातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांना खुले पत्र

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी उद्यमनगरातला टर्नर. टेपर (निमुळता दांडा) टर्निंग आणि ग्राइंडिंग यातच माझं आयुष्य गेलं. मागणी आधीच सांगून टाकतो. सिमेंट वापरून तुम्ही ज्यांचा खुबा बदलता, त्या प्रत्येक माणसाला स्टेमचं पूर्ण नाव, साइज, बॅच नंबर, कपचं नाव आणि सिमेंटचं नाव लिहून द्या. सोबत ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे त्याच्या हातात द्या, आणि तुमच्याकडेही कायमचा ठेवा.

ही मागणी नुसत्या कागदपत्रांची वाटेल. पण स्टेमचं डिझाइन सिमेंटमध्ये कसं टिकतं हे समजून घेतलं, की या कागदाशिवाय पुढचा उपचार अंदाजपंचे होतो हे कळतं. तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे. पण हे पत्र ज्यांच्या घरी आई-वडिलांचं ऑपरेशन ठरलंय तेही वाचतील, म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत जो धातूचा दांडा बसतो तो स्टेम. त्याच्या वर गोळा, आणि ओटीपोटाच्या हाडात गोळ्यासाठी कप. स्टेम आणि हाड यांच्यामध्ये जे सिमेंट भरतात ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे दातांच्या कवळीच्या जातीचं अ‍ॅक्रिलिक. ते हाडाला चिकटत नाही. आतल्या जाळीदार हाडाच्या छिद्रांत दाबून शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि अडकून बसतं. दाबाला हे सिमेंट चांगलं टिकतं, ताणाला मात्र कमकुवत आहे. सगळ्या डिझाइनचा खेळ या एका गुणावर चालतो. आपल्या वजनाचं ओझं सिमेंटवर दाब म्हणून आलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं, ताण किंवा घासणं म्हणून आलं तर तडकतं.

हे तंत्र जगात रुजवलं सर जॉन चार्नली यांनी, इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात. त्यांचा टेफ्लॉनचा कप काही वर्षांतच झिजून गेला. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिइथिलिनचा कप आणि जेमतेम २२ मिलिमीटरचा गोळा वापरायला सुरुवात केली. आज जगभर खुब्याची जी शस्त्रक्रिया होते तिचा पाया तिथे आहे.

आता माझ्या धंद्याकडे येतो. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसवताना आम्ही स्क्रू लावत नाही. मोर्स टेपरचा शँक, म्हणजे ड्रिलचा निमुळता दांडा, स्लीव्हमध्ये, म्हणजे तशाच निमुळत्या नळीत, घालायचा आणि एक झटका द्यायचा. काम करताना जितका दाब द्याल तितका तो टेपर घट्ट धरतो. याला दोन अटी आहेत. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आणि स्वच्छ हवेत, आणि शँकचं टोक तळाला टेकता कामा नये. टोक टेकलं की टेपर धरत नाही. मग ड्रिल आतल्या आत फिरतं आणि स्लीव्ह खरवडून टाकतं. उद्यमनगरात ज्यानं चार वर्षं काम केलंय त्याला हे शिकवावं लागत नाही.

एक्झिटर नावाच्या इंग्लंडमधल्या गावात १९७० साली सर्जन रॉबिन लिंग आणि इंजिनिअर क्लाइव्ह ली यांनी जो स्टेम बनवला, तो याच तत्त्वावर चालतो. दोन्ही बाजूंनी खाली निमुळता, कॉलर (हाडाच्या कडेवर टेकणारी वरची कड) नाही, आणि आरशासारखं पॉलिश. सुरुवातीच्या काही स्टेमचे तुकडे पडले, म्हणून १९७६ मध्ये धातू बदलून स्टेम जाड केला गेला. त्याच वेळी पृष्ठभाग चकचकीत होता तो मॅट झाला. आकार जवळजवळ तोच, सर्जन तेच, सिमेंटही तसंच. पृष्ठभागाचा खरबरीतपणा मात्र मायक्रॉनच्या काही शतांशांवरून साधारण एक मायक्रॉनवर गेला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, बोटाला जाणवणार नाही इतका.

पुढच्या वर्षांत मॅट स्टेम जास्त प्रमाणात सैल व्हायला लागले. त्यांच्या आजूबाजूचं हाड झिजून पोकळ होऊ लागलं. जुने पॉलिश केलेले स्टेम मात्र सिमेंटमध्ये थोडे खाली सरकलेले दिसत होते, आणि तरीही ती माणसं बिनतक्रार चालत होती. १९८६ मध्ये पॉलिश परत आलं. त्याच घराण्यातला १९८८ चा स्टेम आज जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सिमेंटेड स्टेमपैकी एक आहे.

मी हा इतिहास पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. आमच्या शॉपमध्ये फिनिशवरून जॉब रिजेक्ट होतो तेव्हा नवी पोरं म्हणतात, एवढ्यानं काय होतंय. इथे एवढ्यानं माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागलं.

असं का घडलं, तेही सांगतो. पॉलिश टेपर वजनाखाली सिमेंटमध्ये किंचित खाली बसतो. सिमेंटही सततच्या दाबाखाली अगदी हळू हळू सरकतं, जागा देतं. टेपर खाली बसला की तो सिमेंटला चहूबाजूंनी बाहेर दाबतो, सिमेंट हाडावर दाबलं जातं, आणि सांध्यावरचं उभं ओझं आडव्या दाबात बदलतं. म्हणजे सिमेंटला जे झेपतं नेमकं तेच त्याच्या वाट्याला येतं. स्टेमच्या टोकाला एक पोकळ प्लॅस्टिकची टोपी लावतात. टोक सरकायला त्या पोकळीत जागा मिळते, ते सिमेंटवर टेकत नाही. शँकचं टोक टेकू नये म्हणतात ते इथेही लागू आहे. कॉलर नसते तीही याचसाठी, नाहीतर स्टेम वरच अडकला असता. खरबरीत स्टेम जर सिमेंटमध्ये हलला, तर तो कानशीसारखा सिमेंट घासतो. त्याची भुकटी हाडापर्यंत पोचते, शरीर त्या भुकटीवर तुटून पडतं, आणि त्या झटापटीत हाड खाल्लं जातं.

याचा अर्थ खरबरीत स्टेम वाईट असतात, असा मुळीच नाही. दुसरी एक विचारधारा आहे. तिच्यात स्टेम, सिमेंट आणि हाड यांनी मिळून एकच तुळई व्हायची असते, कुठेही सरकायचं नाही. त्यासाठी मॅट पृष्ठभाग, कॉलर, हाडाच्या वळणाशी जुळणारा आकार, असं सगळं वेगळं असतं. स्वीडनमध्ये ल्युबिनस एसपी २ हा मॅट, वळणदार, कॉलरचा स्टेम वर्षानुवर्षं वापरला जातो आणि त्याचे निकाल उत्तम आहेत. दोन्ही पद्धती टिकाऊ ठरल्या आहेत. बिघडतं ते अर्धवट मिश्रण केल्यावर: सरकायला बनलेल्या आकाराला न सरकणारा पृष्ठभाग दिला, की दोन्हीकडचे तोटे पदरात पडतात. १९७६ मध्ये एक्झिटरला झालं ते हेच.

डॉक्टर, माझ्या मागणीचं मूळ इथे आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात गोरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये एक मोजणीची पद्धत मांडली. हाडात टँटलमचे बारीक मणी बसवायचे, एकाच वेळी दोन कोनांतून एक्स-रे काढायचे, आणि स्टेम किती हलला ते मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजायचं. या पद्धतीनं १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं, की न सरकण्यासाठी बनवलेला स्टेम दोन वर्षांत १.२ मिलिमीटर किंवा जास्त खाली गेला असेल, तर पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. आणि पॉलिश टेपर? तो पहिल्या दोन वर्षांत साधारण एक ते दीड मिलिमीटर खाली जातोच. तो त्याचा स्वभाव आहे, तसंच बसून तो घट्ट होतो.

म्हणजे मोजमाप एकच, पण एका स्टेममध्ये ती धोक्याची घंटा आणि दुसऱ्यामध्ये तब्येत ठीक असल्याची खूण. एक्स-रेवर स्टेमच्या खांद्याशी, म्हणजे वरच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, दिसणारी बारीक काळी रेघही तशीच, एकीकडे काळजीची, दुसरीकडे अपेक्षित. स्टेम कोणता हे माहीत नसेल तर कितीही अनुभवी डॉक्टर त्या रेघेचा अर्थ कसा लावणार? आणि पहिला एक्स-रे नसेल तर सरकला किती, हे कशाशी ताडून बघणार?

हे आमच्या घरात घडलं आहे. आईचा खुबा बदलला तेव्हा डिस्चार्ज कार्डवर फक्त "सिमेंटेड टीएचआर, डावा" (टीएचआर म्हणजे पूर्ण खुबा बदलणं) एवढंच लिहिलं होतं. काही वर्षांनी तिच्या मांडीत कळ यायला लागली, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे लाइटवर लावला, स्टेमच्या खांद्याशी पट्टी ठेवली आणि विचारलं, "मावशी, ह्यात कोणता स्टेम घातलाय?" आई माझ्याकडे बघायला लागली. जिथे ऑपरेशन झालं तिथे चौकशी केली तर बिलावर "हिप किट" असं लिहिलेलं मिळालं. जुना केस पेपर सापडला नाही. तोवर घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता सांधा पुन्हा काढावा लागणार. आई रात्री उठून बसायची. शेवटी पुरवठादाराच्या जुन्या चलनावर नाव आणि साइज सापडलं. स्टेम पॉलिश टेपर होता. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं आणि सांगितलं, की सांधा नीट आहे, दुखणं कमरेच्या मणक्यातून येतंय. चलन सापडलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या प्रत्येक डब्यात चिकटवायचे स्टिकर येतात, त्यावर सगळं छापलेलं असतं. एक स्टिकर रुग्णाच्या कार्डवर, एक तुमच्या रजिस्टरमध्ये. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून घरच्यांना पाठवला तर आणखी चांगलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी घरांत कागदपत्रांचा लगदा झाला. कागदावर सगळी भिस्त ठेवणं आपल्या गावाला परवडत नाही.

आता किमतीचा विषय, कारण तो टाळून चालणार नाही. आमच्याकडे ऑपरेशनचा पैसा योजनेतून येतो, विम्यातून येतो, पतसंस्थेच्या कर्जातून येतो, उसाच्या बिलातून येतो. स्वस्त स्टेम मागितला जातो, आणि मागणाऱ्याचं काही चुकत नाही. कमी किमतीत चांगला स्टेम मिळू शकतो. कितीतरी महागडे नवे इम्प्लांट जुन्या साध्या स्टेमपेक्षा लवकर बिघडले आहेत. प्रश्न एवढाच विचारायचा, की या नेमक्या स्टेमचा दहा वर्षांचा हिशोब कुणी ठेवलाय का?

ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये थ्रीएम कंपनीचा कॅपिटल हिप बाजारात आला. दिसायला चार्नलीच्या स्टेमसारखा, किंमत कमी. दिसायला सारखा म्हणजे वागायलाही सारखा, असं गृहीत धरलं गेलं. तो लवकर सैल होतोय हे लक्षात यायला काही वर्षं गेली. फेब्रुवारी १९९८ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं धोक्याची सूचना काढली. तोवर सुमारे ४,७०० जणांमध्ये तो बसवला गेला होता. मग ती माणसं शोधायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. हे प्रकरण ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधा नोंदणीमागचं (कुणाला कोणता सांधा बसवला आणि तो किती टिकला याची देशभरची नोंद) एक मोठं कारण ठरलं, आणि २००३ मध्ये ती सुरू झाली. स्वीडनची नोंदणी १९७९ पासून चालू आहे, नॉर्वेची १९८७ पासून. बोनलॉक नावाचं सिमेंट बिघडतंय हे नव्वदच्या दशकात नॉर्वेच्या नोंदणीनं दाखवून दिलं होतं. सिमेंटचं नाव लिहायला हवं, म्हणतो ते यासाठी.

ब्रिटनमध्ये २००२ पासून ओडेप नावाचं एक मंडळ इम्प्लांटना श्रेणी देतं. आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा, अक्षर म्हणजे तो पुरावा किती भक्कम. कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या तिथल्या नाइस या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये कसोटी ठरवली, की दहा वर्षांत शंभरातल्या पाचांहून जास्त सांधे पुन्हा बदलावे लागत असतील तर तो इम्प्लांट वापरू नये. आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्सची नोंदणी आहे, पण ती ऐच्छिक आहे. तुमच्यापैकी जे त्यात नोंद करतात त्यांचे मी मनापासून आभार मानतो. जे करत नाहीत त्यांनी करावी, ही माझी दुसरी मागणी.

आपल्या देशात बनणाऱ्या स्टेमबद्दलही बोलतो, कारण उद्या ते शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावातही बनू शकतील आणि तसं झालं तर मला फार आनंद होईल. आपल्याकडे तेवढं कौशल्य आहे. पण एखाद्या नावाजलेल्या स्टेमचा आकार उतरवला म्हणून त्याचा इतिहास आपल्याला मिळत नाही. धातू, कोपऱ्यांची गोलाई, पॉलिश, टोकाची टोपी, यातलं एक बदललं की तो नवा स्टेम होतो. कोपरे फार धारदार ठेवले तर सिमेंटला तिथून चीर जाते. फार गोल केले तर जिना चढताना, खुर्चीतून उठताना जो पीळ पडतो त्यानं स्टेम फिरू पाहतो. असा स्टेम वापरायचा तर वापरा, पण त्याची नोंद दुप्पट काळजीनं ठेवा. आमच्या फाउंड्रीत ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर हीट नंबर ठोकल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. वर्षांनी तक्रार आली तरी कोणत्या दिवशीची, कोणत्या भट्टीतली ते सांगता येतं.

ज्या पॉलिश टेपरचं मी एवढं कौतुक केलं, त्याची दुसरी बाजूही आहे. सिमेंटला बाहेर दाबणारा टेपर माणूस जोरात पडला तर पाचरीसारखा हाड फोडूही शकतो. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातल्या नोंदींमधून दिसतं, की स्टेमभोवती हाड मोडण्याचं प्रमाण न सरकणाऱ्या स्टेमपेक्षा पॉलिश टेपरमध्ये जास्त असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियंत्रक यंत्रणेनं झिमर बायोमेटच्या सीपीटी या कोबाल्ट-क्रोमच्या पॉलिश टेपर स्टेमबद्दल सूचना काढली, की त्यात मांडीचं हाड मोडण्याचा धोका अशाच इतर स्टेमपेक्षा जास्त आढळतोय. त्यामुळे वयस्कर, ठिसूळ हाडांच्या, न्हाणीघरात घसरण्याची भीती असलेल्या आज्जीला कोणता स्टेम द्यायचा, हा निर्णय तुमचाच आहे आणि तुमचाच राहावा. मी म्हणतो ते एवढंच, की अशी सूचना उद्या पुन्हा आली तर आपल्या जिल्ह्यात तो स्टेम कुणाकुणाला आहे याची यादी एका दिवसात निघायला हवी. २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेल्या एएसआर हिपचे कितीतरी भारतीय रुग्ण नंतर सापडलेच नाहीत. तो सांधा वेगळ्या जातीचा, धातूवर धातू घासणारा होता, पण पत्ता न लागणं तेच.

तुमच्या हातातलं कौशल्य कागदावर मावत नाही, हे मला माहीत आहे. हाड धुऊन कोरडं करणं, खाली प्लग बसवणं, गननं तळापासून सिमेंट भरत येणं, दाब देणं, स्टेम मधोमध धरून ते घट्ट होईपर्यंत हात न हलवणं, यातलं काही चुकलं तर जगातला सर्वांत चांगला स्टेमही टिकणार नाही. त्या खोलीत काय होतं हे आम्ही बघू शकत नाही, आम्ही विश्वास ठेवतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात असो की खाजगी दवाखान्यात, तो विश्वास सारखाच असतो.

मी एका पानाचा नमुना फॉर्म तयार केला आहे: रुग्णाचं नाव, बाजू, तारीख, स्टेम, साइज, ऑफसेट (स्टेमपासून गोळ्याचं आडवं अंतर), गोळा, कप, सिमेंट, बॅच नंबर, स्टिकर चिकटवायची जागा, आणि खाली पहिल्या एक्स-रेची तारीख. एका डॉक्टरांनी तो बघून दोन रकाने वाढवले आहेत. तुम्हीही बघा, काय कमी-जास्त हवं ते सांगा. सुरुवातीला जे दवाखाने तयार होतील, त्यांच्यासाठी छपाईचा खर्च उद्यमनगरातले आम्ही काही जण मिळून करू. आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय ते तुमच्याकडे माहिती मागायला आले, तर जुनी रजिस्टरं आणि पुरवठादारांची चलनं काढून त्यांना नाव शोधून द्या. बरेच जण वयानं थकलेले असतील, त्यांना हेलपाटे घालायला लावू नका.

आपला नम्र,
शिवाजी उद्यमनगरातील एक टर्नर
कोल्हापूर